गावात सैनिकांचं स्मारक करताय? खाऱ्या हवेत टिकणारं आणि दुःखाला पोझ न देणारं

कोकणातल्या गावात स्मारक करायचं ठरलं की ग्रामपंचायतीच्या टेबलावर पहिला कागद येतो तो बहुतेक वेळा फायबरच्या पुतळ्याच्या कोटेशनचा. हेल्मेट, बूट, पुढे रोखलेली बंदूक आणि खाली तीन रंगांचा चौथरा. पुतळा शूर दिसतो, वाद नाही. पण ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराला, किंवा सोबत्याला मागे ठेवून परत आलेल्या माजी सैनिकाला, त्याच्यापुढे करण्यासारखं काहीच नसतं. हार घालायचा आणि निघायचं. म्हणून आराखड्याला हात घालण्याआधी एवढं ठरवा: इथे येणारा माणूस काय करणार? नाव शोधणार, त्यावर बोट फिरवणार, थोडा वेळ टेकणार, नसेल बोलायचं तर गप्प बसणार. पुढची सगळी मापं यावरून निघतात.

आधी काय पाहून घ्यावं

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा जुना कोरीव दगड, आपल्या डोळ्यांसमोरच असतो. देवळाच्या आवारात, पाराला टेकवलेला, कधी पायरी म्हणून पालथा बसवलेला. तो वाचायचा खालून वर. तळाच्या चौकटीत लढाई आणि मरण, मधे अप्सरा वीराला वर नेत आहेत, त्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ तर खास किनारपट्टीचे आहेत, त्यांच्यावर वल्ह्यांची जहाजं एकमेकांवर चालून गेलेली दिसतात. जमलं तर कागद-पेन्सिल घेऊन एखाद्या वीरगळाच्या चौकटी मोजून काढा. लढाई खाली संपते आणि वरच्या चौकटी ‘तो आता कुठे आहे’ याचं उत्तर देतात. घरच्यांनाही लढाईच्या तपशिलापेक्षा हेच हवं असतं.

जर्मन चित्रकार केटे कोलविट्झ हिचा धाकटा मुलगा पेटर १९१४ च्या ऑक्टोबरात बेल्जियममध्ये मारला गेला, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. तिने त्याच्यासाठी स्मारक करायला घेतलं आणि ते उभं राहिलं १९३२ साली. सुरुवातीच्या आराखड्यात आडवा पडलेला मुलगा होता. शेवटी तिने तो काढून टाकला. उरले गुडघ्यांवर टेकलेले आई आणि बाप, दोन वेगळ्या दगडांत, मधे मोकळी जागा. बाप स्वतःलाच हातांनी आवळून ताठ, आई पुढे वाकलेली. आज ही शिल्पं बेल्जियममधल्या व्लाड्स्लो इथल्या जर्मन दफनभूमीत आहेत. यातली मधली मोकळी जागा आपल्या कामाची. नवरा-बायकोचं दुःख एकच असलं तरी दोघं ते वेगळं सोसतात, म्हणून आकृत्या एकमेकींना चिकटवू नका. आणि मृतदेह दाखवण्याचा मोह टाळा. तो दाखवला की बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते.

व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांची वॉशिंग्टनमधली स्मारक-भिंत १९८२ ची. आराखडा माया लिन या विद्यार्थिनीचा, तेव्हा ती २१ वर्षांची होती. जमिनीत उतरत जाणाऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भुजा, हा दगड कर्नाटकातून, बंगळूरकडून गेलेला. त्यावर ५८ हजारांहून अधिक नावं, हुद्द्याने नाही, आडनावानेही नाही, तर गेल्याच्या तारखेने. एकाच दिवशी पडलेले सोबती त्यामुळे शेजारी शेजारी येतात आणि परत आलेला सैनिक आपला तो दिवस भिंतीवर बोटाने शोधू शकतो. दगड इतका घोटलेला की नावांच्या मागे बघणाऱ्याचा चेहरा दिसतो. आज तिथे लोक नावावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप उतरवून घेतात. पण हा आराखडा जाहीर झाला तेव्हा काही माजी सैनिकांनाच तो झोंबला होता, जमिनीत गाडलेलं काळं स्मारक म्हणून. १९८४ मध्ये तिथे फ्रेडरिक हार्टचा तीन सैनिकांचा ब्राँझ पुतळा बसवावा लागला. गावात हा वाद टाळायचा असेल तर आराखड्याचा पहिला कागद माजी सैनिकांना दाखवा, पुढाऱ्यांना नंतर.

परत आलेल्यांचं दुःख दाखवणं सगळ्यात अवघड. पहिल्या महायुद्धात स्वतः मशीनगनवर असलेल्या ओटो डिक्सने १९२० मध्ये पत्ते खेळणारे तीन माजी सैनिक रंगवले. कुणाला पाय नाहीत, कुणाला हात नाही, पत्ते पायाच्या बोटांत धरलेले. चित्र जबरदस्त आहे, पण गावाच्या भिंतीवर त्याची नक्कल नको. मोठ्या शहरात ते समाजावर रोखलेलं बोट असतं. गावात तो तिसऱ्या घरातला माणूस असतो, आणि त्याला रोज दुधाला त्याच रस्त्याने जावं लागतं.

जवळची दोन ठिकाणंही बघून या. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. समुद्राशिवाय ज्यांना दुसरी कबर नाही अशांचं. ज्या कोकणाने जहाजांवर इतकी माणसं पाठवली, त्याने एकदा तरी ती नावं वाचावीत. दुसरं माणगावला. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, माणगावात त्यांचा पुतळा आहे. त्यांचं नाव तिकडे इटलीत कासिनोच्या स्मारकावर आहे, म्हणजे ज्यांची कबर ठाऊक नाही अशांच्या यादीत. अशा घरांसाठी गावातला दगड हाच एकमेव दगड असतो.

नावं

वेळेचा निम्मा हिस्सा यालाच द्या. १९४७ नंतर कामी आलेल्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाची यादी. दोन्ही महायुद्धांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची ऑनलाइन यादी. या जुन्या यादीत शोधताना आजचे जिल्हे विसरा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला, म्हणून मालवण-कणकवलीची माणसं रत्नागिरीखाली सापडतील. रायगडची कुलाब्याखाली. नोंदी रोमन लिपीत असल्याने ‘दळवी’चा ‘दलवी’ आणि ‘राणे’चा ‘राने’ होऊन येतो, म्हणून देवनागरी नाव यादीवरून कधीच उतरवू नका. घरच्यांकडून, डिस्चार्ज बुकवरून किंवा शाळेच्या दाखल्यावरून घ्या. गावात महायुद्धाच्या वेळची संगमरवरी पाटी असेल तर तिच्यावर बहुधा फक्त आकडे असतात: इतके गेले, इतके मेले. ती पाटी हलवू नका. नवा दगड तिच्या शेजारी लावा आणि त्या आकड्यांची नावं शोधा.

घरं गाठायची तर गणपतीत किंवा शिमग्यात. चाकरमानी तेव्हाच एकत्र सापडतात. प्रत्येक घराला नावाचा मोठ्या अक्षरात छापलेला कागद द्या, दोन दिवस ठेवू द्या आणि सही घ्या. दोन दिवस का, तर पहिल्या वाचनात कुणाला चूक दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मुंबईची आत्या सांगते की वडिलांचं नाव सखाराम नसून सखोबा होतं.

नावं लावण्याचा क्रम हा गावातला सगळ्यात नाजूक विषय. हुद्द्याने लावली की सुभेदार वर आणि शिपाई खाली. वाडीवार लावली की आपल्याकडे वाड्या जातीच्या असल्याने दगडावर जातवारी कोरली जाते. दोन्ही नको. गेल्याच्या तारखेने लावा. हुद्दा नावापुढे लिहिलात तरी क्रम त्यावरून नको. कुणाच्याही नावापुढे मृत्यूचं कारण लिहू नका. गोळी, बर्फ, आजार, अपघात, आत्महत्या, सगळ्यांच्या नावापुढे फक्त वर्ष. एकदा हा नियम केला की ‘हा लढाईत नव्हता गेला’ असं म्हणायला जागाच राहत नाही.

बेपत्ता असलेल्यांचं काय? व्हिएतनामच्या भिंतीवर याची साधी युक्ती आहे. मृत्यू नक्की असेल तर नावाशेजारी पत्त्यांतल्यासारखी चौकट, बेपत्ता असेल तर फुली. पुढे मृत्यूची खात्री झाली की त्याच फुलीवर चौकट कोरतात. आपण चौकटीऐवजी लहान पणती आणि फुलीऐवजी पणतीची नुसती रेषा घेऊ शकतो, नंतर आत भरून कोरता येईल अशी. खूण नावानंतर एक अक्षराची जागा सोडून कोरा.

पुढच्या नावांसाठी रिकाम्या ओळी आखून ठेवणं हा प्रकार अनेक ठिकाणी दिसतो. तो टाळा. ज्या घरचा पोरगा आज सीमेवर आहे त्या आईला ती रिकामी ओळ काय वाटत असेल? जागा हवीच असेल तर शेजारी एक पूर्ण कोरा दगड बसवा, रेषा न मारता. परत आलेल्यांची नावं मात्र वेगळ्या, खालच्या दगडावर जरूर घ्या, त्यांची त्यांना हवी असतील तर. काहींना नको असतात. आग्रह करू नका.

अक्षरं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या पुसता येत नाहीत.

हात लावून वाचायच्या दगडावर अक्षराची उंची २५ ते ३० मिलिमीटर ठेवा, शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजून. देवनागरीला वर वेलांटी, रफार आणि खाली उकार लागतात, म्हणून दोन ओळींच्या शिरोरेषांमधलं अंतर अक्षराच्या उंचीच्या दुप्पट धरा. म्हणजे ३० मिलिमीटरच्या अक्षराला ६० मिलिमीटर. ६० सेंटिमीटर उंचीच्या नावांच्या पट्ट्यात नऊ-दहा ओळी बसतात. त्याहून जास्त कोंबल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. सगळ्यात खालची ओळ जमिनीपासून निदान ६० सेंटिमीटरवर आणि वरची १५० च्या आत, म्हणजे म्हातारीचाही हात पोचतो.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. पण बऱ्याच कोरणाऱ्यांकडे अजून जुन्या फाँटचं सॉफ्टवेअर असतं. त्यात मजकूर चिकटवला की रफार उडून भलत्या अक्षरावर बसतो, र्‍य आणि र्‍ह फुटतात, ‘सूर्यकांत’चं काहीही होतं. उपाय एकच: कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार करून, त्याची पीडीएफ द्या आणि कोरणाऱ्याने पुन्हा टाइप करू नये हे लिहून घ्या. कोरण्याआधी पूर्ण मापाचा कागदी प्रूफ काढून भिंतीवर लावा. कोरण्याचा दर अक्षरांवर ठरत असेल तर जोडाक्षर एक की दोन हे आधीच विचारून ठेवा, नंतरची भांडणं वाचतात.

यंत्राने वाळू मारून केलेली अक्षरं कोरड्या दगडावर करडी-पांढरी छान उठतात. पाऊस पडला की दगड आणि अक्षर दोन्ही काळे होतात आणि नाव दिसेनासं होतं. आपल्याकडे चार महिने पाऊस, त्यामुळे हा किरकोळ मुद्दा नाही. म्हणून खोली निदान ३ मिलिमीटर घ्या आणि शक्य असेल तर पाथरवटाकडून छिन्नीने कडा आतल्या बाजूला उतरत्या काढून घ्या. मग ओल्या दगडावरही सावलीमुळे नाव वाचता येतं, बोटालाही लागतं. सोनेरी रंग भरू नका. खाऱ्या वाऱ्यात तो पोपडे धरतो, आणि अर्धा उडालेला सोनेरी रंग रिकाम्या अक्षरापेक्षा वाईट दिसतो. घ, क्ष, श्र यांच्या आतली पोकळी बारीक असते. ३ मिलिमीटरपेक्षा कमी जागा उरली तर दगडाचा तेवढा टवका उडतोच. जाड फाँट नको.

काळ्या ग्रॅनाइटवर लेझरने फोटो कोरून द्यायची आता फॅशन आहे. घरच्यांकडचा फोटो बहुतेक भरतीच्या वेळचा, पासपोर्ट मापाचा. तो फूटभर मोठा केला की चेहरा वितळतो. लेझरचा ओरखडा अगदी वरवरचा असतो, धूळ आणि तेलकट हात बसून तो पुसट होत जातो. फोटो घरातल्या भिंतीवर राहू द्या.

दगड आणि बांधकाम

जांभा आणि काळा दगड यांची कामं वेगळी ठेवा. जांभा सच्छिद्र आहे, बारीक अक्षर धरत नाही, पण चौथरा, बैठक आणि मागची भिंत यासाठी त्याच्यासारखा दगड नाही. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागून कठीण होतो, म्हणून घडाई ताज्या चिऱ्यावर करून घ्या. त्याला सिमेंटचा गिलावा करू नका, आत शिरलेलं पाणी अडकतं आणि गिलावा सुटतो. चिऱ्यांमधले सांधे भरायला एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू.

नावांसाठी काळा ग्रॅनाइट, पण स्वयंपाकघराच्या ओट्याला लावतात तो १८-२० मिलिमीटरचा नाही. ४० मिलिमीटर घ्या. दगड नुसत्या सिमेंटवर चिकटवला तर पाठीमागे पोकळी राहते, तीत पाणी साठतं आणि काही वर्षांनी पाटी सुटून येते. प्रत्येक पाटीला चार कोपऱ्यांत ८ मिलिमीटरच्या स्टेनलेस पिना, ३१६ दर्जाच्या. दुकानात सहज मिळतं ते ३०४, समुद्राजवळ त्यावर तांबूस ठिपके येतात. दोन पाट्यांत ३ ते ५ मिलिमीटर फट सोडा आणि ती न्यूट्रल सिलिकॉनने भरा. माथ्यावर दोन इंच पुढे आलेली दगडी पट्टी, तिच्या खालच्या बाजूला पेन्सिलीएवढी खाच. खाच नसेल तर पाणी पट्टीच्या पोटाने मागे येतं आणि सरळ नावांवरून ओघळतं.

काँक्रीट वापरावंच लागलं तर सळईवर चारही बाजूंनी निदान ५० मिलिमीटर काँक्रीट हवं. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. किनाऱ्यावर गंज काय करू शकतो हे पाहायला लांब जायला नको. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. गंजलेल्या नटबोल्टांची चर्चा तेव्हा सगळीकडे झाली होती. उंच आणि पोकळ वस्तू सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळमाळावरच्या, वाऱ्यात उभी करायची तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या. नाहीतर सरळ बुटकं काम करा. आमचं मत बुटक्याच्या बाजूने आहे.

जागा निवडताना माडाखाली नको, नारळ दगडावर पडतात. आंब्या-फणसाखाली पानांचे डाग पडतात. देवळाच्या आवारात सगळे येतीलच असं नाही. शाळेची वाट, पाखाडीचा वळसा, एसटीचा थांबा बरा, कारण सुट्टी संपवून परत निघालेला सैनिक तिथूनच गेलेला असतो. दगडाचं तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला करा. पश्चिमेला केलं तर पावसाळी मारा थेट बसतो आणि संध्याकाळी घोटलेला दगड नुसता चमकतो, वाचता येत नाही. तांबडी माती पावसात दीड-दोन फूट उडते, म्हणून चौथऱ्याभोवती दोन फूट रुंद खडीचा पट्टा घाला. समोर सहा-सात फुटांवर बसायला कट्टा, १६ इंच उंच, १८ इंच रुंद. गडग्यासारखा, म्हणजे दगडी कुंपणासारखा, दिसला तर उत्तमच, त्याला वेगळं सजवायला नको.

आकृती हवीच असेल तर

गावाला काहीतरी दिसणारं हवं असतं, हा हट्ट चुकीचा नाही. अशा वेळी माणसाऐवजी वस्तू घ्या. कोकणातल्या सैनिकाच्या माजघरात एक वस्तू हमखास असते, ती म्हणजे काळी पत्र्याची ट्रंक. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, हुद्दा, नाव, खाली गाव, तालुका, जिल्हा. कडीजवळचा रंग उडालेला, एका कोपऱ्याला पोचा, कुठल्यातरी स्टेशनवर आपटलेली. माणूस गेला तरी ट्रंक घरी येते. काळ्या दगडात ३० इंच लांब, १८ इंच रुंद, १२ इंच उंच अशी बंद ट्रंक कोरून कट्ट्याच्या एका टोकाला ठेवा. कडी-कोयंडा उठावात, पोचा खोलगट, झाकणावर गावाचं नाव, व्यक्तीचं नाही. मुलं तिच्यावर बसतील, बसू द्या. कडा मात्र ५ मिलिमीटर गोल घासून घ्या, नाहीतर पहिल्याच वर्षी टवके जातील.

भिंतचित्र करणार असाल तर थोडक्यात: नवा गिलावा २८ दिवस सुकल्याशिवाय हात लावू नका. जुन्या भिंतीवर दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. आत दव धरलं तर भिंत ओली आहे, आधी गळती काढा. पुट्टी लावू नका, दमट भिंतीवर ती पापुद्र्याने सुटते. सिमेंट प्रायमर आणि बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक रंग पुरे. गेरू, पिवळी माती, काळा ऑक्साइड हे मातीचे रंग उन्हात टिकतात, भडक गुलाबी आणि जांभळा लवकर उडतात. काम दिवाळीनंतर.

माजी सैनिकांनी स्वतः केलेलं काम

यासाठी बंगालचे छापचित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांची पद्धत फार उपयोगी आहे. १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्यांनी पाहिला होता. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी ‘जखमा’ नावाची, कागदाच्या लगद्याची, पांढऱ्यावर पांढरी छापचित्रं केली. चित्रात माणूस नाही, रंग नाही, फक्त चिरलेला, भोसकलेला, भाजल्यासारखा पृष्ठभाग. ज्याला चित्र काढता येत नाही त्यालाही हे जमतं, आणि ज्याला बोलायचं नाही त्याला बोलावं लागत नाही.

एकाला एक लाकडी चौकट, आतून १२ बाय ९ इंच, अडीच इंच खोल. तळात शाडूचा एक इंच थर सपाट थापा. सुरी, खिळा, दाभण, काथ्याचा तुकडा, जुना बिल्ला, हाताची बोटं, जे हवं त्याने मातीवर काम करू द्या. अर्धा तास पुरतो. खोबणी आत जाऊन खालून रुंद होत असेल तर तेवढी सरळ करून घ्या, नाहीतर साचा सुटताना तुटेल. मातीवर साबणाच्या पाण्याचा पातळ हात फिरवा. एक भाग सिमेंट आणि दोन भाग चाळलेली वाळू कालवून आधी पातळ थर ब्रशने खोबण्यांत भरा, मग दीड इंचापर्यंत ओता आणि मधे कोंबडजाळीचा तुकडा घाला. ब्रशचा थर टाळला तर बुडबुडे अडकतात आणि छापात नको तिथे फोड येतात. दुसऱ्या दिवशी माती काढा, साचा सात दिवस पाण्यात ठेवा.

लगद्यासाठी पाव किलो पांढरा, न छापलेला, शक्यतो सुती कागद फाडून रात्रभर भिजत घाला. मिक्सरमध्ये भरपूर पाण्याबरोबर थोडा थोडा वाटा, कोरडा वाटला तर मोटर जळते. गाळून त्यात दोन मोठे चमचे फेव्हिकॉल. साच्याला तेलाचा हलका हात लावून ५-६ मिलिमीटरचा थर दाबा आणि स्पंजने पाणी टिपत राहा. कडेला थोडा जाड ठेवा, सुकताना कडाच आधी वळतात. डिसेंबर-जानेवारीत सावलीत तीन-चार दिवसांत सुकून आपोआप सुटतो. पावसाळ्यात हे काम काढूच नका, सुटण्याआधी बुरशी येते. एका साच्यातून अनेक छाप निघतात. एक त्यांच्या घरी, एक शाळेत किंवा ग्रामपंचायतीत काचेमागे. बाजूने तिरका उजेड पडेल असाच लावा, समोरून दिवा पडला तर छाप कोरा कागद दिसतो.

बैठक चालवताना ‘तिथे काय झालं’ हा प्रश्न विचारायचा नाही. ‘परत येताना सोबत काय आणलं’ हा चालतो. फटाके फुटतात ते दिवस टाळा. दारं उघडी ठेवा, मधेच उठून जाणाऱ्याला कुणी हाक मारू नये. फोटो आणि व्हिडिओ बंद. कुणी फार अस्वस्थ झालं तर घरच्या एका माणसाला बोलावण्याची सोय आधीच हवी, आणि सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर सगळ्यांसाठी लावलेला असावा, एकट्याच्या हातात दिलेला नसावा.

परवानग्या आणि तारीख

जागेचा सातबारा, ग्रामसभेचा ठराव, आणि जागा भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांची, चौकशी. पुतळा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता लागते. नावांच्या दगडाला पुतळ्याएवढी कटकट नाही, हेही बुटक्या कामाच्या बाजूने धरा. अशोकस्तंभाची मुद्रा दगडावर कोरू नका, तिच्या वापरावर २००५ च्या कायद्याने बंधनं आहेत. चौथऱ्याला तिरंगी रंग देऊ नका. अनावरणासाठी दगडावर तिरंगा अंथरू नका, ध्वजसंहितेत ते बसत नाही. साधं पांढरं कापड घ्या.

२६ जुलै हा कारगिल विजय दिवस सगळ्यांच्या मनात येतो, पण तेव्हा आपल्याकडे धो धो पाऊस असतो. १६ डिसेंबर, म्हणजे १९७१ चा विजय दिवस, कोकणाला सोयीचा आहे. पाया मार्चमध्ये, चिऱ्याचं काम मेअखेर, एक पावसाळा तसंच उघडं ठेवून पाणी कुठून येतं ते बघायचं, गणपतीत नावांच्या सह्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोरीवकाम आणि बसवणं. त्या दिवशी भाषणं किती हे पंचायत ठरवेलच. नावं वाचायला मात्र गावातला माजी सैनिक उभा करा, आणि उच्चार चुकू नयेत म्हणून यादी त्याला आठ दिवस आधी द्या.

देखभाल

वर्षातून दोनदा, मेअखेर आणि दिवाळीआधी. ग्रॅनाइटला साधं पाणी आणि मऊ ब्रश. शेवाळ धरलेल्या चिऱ्याला नायलॉनचा ब्रश, तारेचा नाही, तारेचे तुकडे अडकून तिथे गंजतात. संडास धुवायचं ॲसिड कुणी आणू देऊ नका, ते सांध्यातला चुना खातं. प्रेशर पंप सांध्यांपासून लांब धरा. तेल, कुंकू, गुलाल अक्षरांत बसतो, म्हणून हार आणि पणतीसाठी खाली वेगळी दगडी फळी द्या, चार इंच पुढे आलेली, म्हणजे काजळी नावांवर येत नाही. सिलिकॉनची फट दर पावसाळ्याआधी नखाने दाबून बघा. सुटली असेल तर पूर्ण काढून, दगड कोरडा करून पुन्हा भरा, जुन्यावर नवा थर चिकटत नाही. आणि कोरलेल्या अक्षरांची पीडीएफ, दगडाचा नमुना, पाथरवटाचा पत्ता हे सगळं ग्रामपंचायतीच्या दप्तरात एकाच फाइलीत ठेवा. वीस वर्षांनी एखादं नाव वाढवायचं झालं तर तेच अक्षर, तोच दगड शोधायला दुसरा मार्ग नसतो.